शेकरूचा ब्रोच भरताना आधी शेपटीचं बघा

भीमाशंकरला जाऊन आल्यावर बहिणीसाठी शेकरू (रानातली मोठी खार) भरलं आणि ती म्हणाली "अगंबाई, खार किती गोड गं!" तेव्हा कळलं की माझी शेपटी चुकलीये. शेकरूचं अंग असतं फूट-सव्वा फूट आणि शेपटी त्याहून लांब, दोन फुटांच्या आसपास, आणि फांदीवर बसलं की ती मस्त खाली लोंबते. म्हणून पेन्सिलने आधी आडवी फांदी काढा, मग खाली सोडलेली शेपटी, आणि उरलेल्या जागेत अंग. उलट केलंत तर शेपटीला जागाच उरत नाही आणि मग वळवून पाठीवर घ्यावी लागते, झाली साधी खार.

कापड फिकट केसमेंट (साधं सुती कापड) घ्या, फार पातळ नको, मागचे दोरे दिसतात. भरतकामाच्या चार इंची रिंगमध्ये ढोलकीसारखं ताणून बसवा, चित्र मात्र दोन इंचातच. छापायला कार्बन नको, खिडकीच्या काचेवर कागद आणि वर कापड धरलं की उन्हात रेघा छान दिसतात.

दोरा आपला नेहमीचा सहा पदरी, पण अंगासाठी एकच पदर, हे कंटाळवाणं आहे मला माहितीये पण दोन पदर घेतले की एवढ्याशा प्राण्याची गोधडी होते. नऊ नंबरची सुई आणि हातभरच दोरा, जास्त घेतला की पिंजतो. आणि लाल-मरून दोरा सुट्टा, बिनब्रँडचा असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा, माझ्या एका शेकरूचं पोट धुतल्यावर गुलाबी झालं होतं 😭

पाठ तांबूस तपकिरी, पोट सायीच्या रंगाचं, शेपटी टोकाकडे फिकट. अंग लाँग-शॉर्ट टाक्याने (एक लांब, एक आखूड) भरा, आणि टाका केस जातात त्या दिशेने, म्हणजे नाकाकडून कानाकडे, मानेवरून पाठीकडे. मी पोटापाशी दिशा हळूहळू वाकवते त्यामुळे अंगाला गोलाई येते, शेडिंग वगैरे वेगळं करावं लागत नाही. दोन रंग जिथे भेटतात तिथे टाके एकमेकांत घुसू द्या, सरळ रेघ दिसली की स्वेटर घातल्यासारखं वाटतं. शेपटी शेवटी भरायची, मधल्या दांड्यापासून बाहेर तिरके सुटे टाके, कमीजास्त लांबीचे, इथे नीटनेटकेपणा अजिबात नको. डोळा म्हणजे काळ्या दोऱ्याची एक फ्रेंच नॉट (सुईला दोरा गुंडाळून घातलेली गाठ) आणि तिच्यावर पांढऱ्याचा इवलासा टाका, तो नसेल तर डोळा मेल्यासारखा दिसतो.

फांदीला दोन पदरी देठाचा टाका (स्टेम स्टिच). बाजूला झाड हवं तर मी कारवी भरते, सह्याद्रीतलीच आहे आणि सात वर्षांनी फुलते म्हणून आठवण म्हणून द्यायला बरी वाटते. फूल घंटेसारखं, जांभळट निळं, चार-पाच सॅटिन टाके (शेजारी शेजारी चिकटून घातलेले सरळ टाके) तोंडाशी पसरट आणि देठाशी चिमटलेले घातले की झालं. पानांच्या कडा करवती असतात पण एवढ्या छोट्या साइजमध्ये तो नाद सोडा.

मागे गाठी मारू नका, दोरा आधीच्या टाक्यांखालून ओवून घ्या, नाहीतर ब्रोचला मागून उंचवटे येतात. मग चित्राहून थोडा मोठा पुठ्ठ्याचा गोल कापायचा, कापड भोवती दीड सेंटिमीटर जास्त ठेवून कडेने धावदोरा घालायचा आणि बटव्यासारखा ओढून पुठ्ठ्यावर आवळायचा. मागे फेल्ट, पण पिन त्या फेल्टला आधीच शिवून घ्या, नंतर आठवलं तर सगळं उसवावं लागतं (मी उसवलंय). पिन मधोमध नको, जरा वर, म्हणजे ब्रोच पुढे झुकत नाही. कडेला काजाचा टाका.

एका ब्रोचला मला तीन-चार संध्याकाळी लागतात, त्यातली एक पूर्ण शेपटीची.