जयसिंगपूर ते कोल्हापूर : माझा पास अर्ध्यावर आला

माझा अनुभव सांगतो. कॉलेजचं पहिलं वर्षभर मी रोज रेल्वेच्या तिकीट खिडकीवर उभा राहून जाता-येता तिकीट काढत होतो. मग पास काढला, तोही पूर्ण पैसे भरून. सवलतीचं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

रेल्वेत २५ वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्याला सेकंड क्लासचा मासिक पास निम्म्या दरात मिळतो. माझी बहीण पदवीला आहे, तिला तर घर ते कॉलेज पास मोफतच. मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत ही सोय आहे. हे कळलं त्या दिवशी आईचा चेहरा बघण्यासारखा होता.

खरी मेहनत कागदांची. कॉलेजकडून सवलतीचा दाखला हवा, त्यावर प्राचार्यांची सही आणि शिक्का. माझ्या दाखल्यावर जन्मतारीखच लिहिली नव्हती, म्हणून एक फेरी वाया गेली. तुम्ही ऑफिसातून बाहेर पडण्याआधीच वाचून घ्या. स्टेशनचं नाव घराजवळचंच आहे ना, तेही बघा.

तीन महिन्यांचा पास साधारण पावणेतीन महिन्यांच्या पैशात पडतो. पण मध्ये दिवाळीची सुट्टी येत असेल तर घेऊ नका, महिन्याचाच बरा.

पासवर रिझर्व्हेशनच्या डब्यात चढू नका. सुपरफास्ट गाडीला वेगळा अधिभार लागतो. दंड बसला तर वाचवलेलं सगळं एका दिवसात जातं. मी पॅसेंजरनेच येतो, आणि स्टेशनपासून राजारामपुरीतल्या कॉलेजपर्यंत चालत जातो. रिक्षाचेही पैसे वाचतात.