स्लॅब, पाया, भिंत, टाकी : बांधकामात पाण्याच्या या चुका टाळा

पुण्यातल्या आमच्या बांधकाम कंपनीकडे कामं सगळ्या तऱ्हेची येतात. धायरीत दोन मजली बंगला, चाकणला गोडाऊनची फरशी, ओढ्याकाठची संरक्षक भिंत, सोसायटीची पाण्याची टाकी, पेठेतल्या गल्लीचा सिमेंट रस्ता. गेल्या बावीस वर्षांत दुरुस्तीसाठी जिथं जिथं परत जावं लागलं, तिथली कारणं मी एका वहीत लिहून ठेवत आलो आहे. स्टील कमी पडलं म्हणून परत गेलो, असं फार क्वचित झालं. पाणी मात्र जवळपास प्रत्येक पानावर आहे. कुठं मालात (ओल्या काँक्रीटमध्ये) जास्त पडलेलं, कुठं स्लॅबला कमी मिळालेलं, कुठं पायाखाली मुरलेलं, कुठं भिंतीमागे अडलेलं. घर बांधणाऱ्यांनी आणि साइटवर नव्यानं उभं राहणाऱ्या पोरांनी हे वाचावं म्हणून लिहितो आहे.

गाडीत पाइप सोडू नका

"साहेब, माल जड येतोय, पंप ओढत नाही. जरा पाणी सोडू का?"

स्लॅबच्या दिवशी हे वाक्य ऐकलं नाही असं होत नाही. मिस्त्रीची अडचण खरी असते. आरएमसीची (प्लँटमधून तयार येणाऱ्या काँक्रीटची) गाडी ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलेली, वर ऊन, पंपाचं भाडं चालू, वीस माणसं हात बांधून उभी. ड्रायव्हर पाइप उघडतो, ड्रम दोन मिनिटं फिरतो, माल पळायला लागतो आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

आता हिशेब करू. एम-२५ (काँक्रीटची एक प्रत) च्या मालात घनमीटरला ३४० किलो सिमेंट आणि १७० लिटर पाणी धरलं, तर पाणी-सिमेंटचं गुणोत्तर ०.५० होतं. सहा घनमीटरच्या गाडीत १०२० लिटर पाणी आधीच आहे. पाइपनं वरून १०० लिटर गेलं की गुणोत्तर ०.५५ वर जातं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात मध्यम परिस्थितीतल्या आरसीसीला (सळई घातलेल्या काँक्रीटला) कमाल मर्यादा ०.५० आहे. म्हणजे दोन मिनिटांत आपण मर्यादा ओलांडली, आणि ताकदीत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक पडायला एवढं पुरतं. शिवाय जास्तीचं पाणी उडून गेलं की मागे बारीक पोकळ्या राहतात. चार पावसाळ्यांनी छतावर जी ओल दिसते, तिची वाट तिथंच तयार झालेली असते.

उपाय आदल्या दिवशी करायचा. माल मागवतानाच पंपाला लागणारा स्लंप (मालाचा पातळपणा) आणि गाडीला लागणारा वेळ प्लँटला सांगा. गाडी भरल्यापासून दोन तासांत रिकामी झाली पाहिजे, म्हणून चलनावरची भरण्याची वेळ स्वतः वाचा. माल जड आलाच, तर प्लँटच्या माणसाकडून त्यांच्याच अॅडमिक्श्चरचा (माल पातळ करणाऱ्या रसायनाचा) डोस मोजून घाला आणि ड्रम नीट फिरवून घ्या. दोन तास उलटून गेलेली गाडी परत पाठवा. मी पाठवल्या आहेत. भांडण होतं, पण स्लॅब पुढे पन्नास वर्षं राहणार असतो.

यातच एक लपलेली चूक आहे. क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) पहिल्या घमेल्यातून भरून ठेवतात आणि पाइप त्यानंतर उघडतात. अठ्ठावीस दिवसांनी क्यूब पास होतात, रिपोर्ट फाइलला लागतो, आणि स्लॅबमध्ये गेलेला माल मात्र वेगळाच असतो. जो माल शटरिंगवर पडतोय, त्याचेच क्यूब भरा. सोळा ते तीस घनमीटरच्या स्लॅबला तीन नमुने, प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब.

मिलरवर (साइटवरच्या मिक्सरवर) माल करत असाल तर पन्नास किलोच्या एका गोणीला २५ लिटरचं माप ठेवा आणि बादलीवर आतून रंगानं खूण करा. पावसात भिजलेल्या क्रश सँडचं पाणीही त्यातून वजा करायचं असतं. गोणीमागे पडणाऱ्या पाऊणशे किलो वाळूत पाच टक्के ओल असेल, तर चारेक लिटर पाणी वाळूबरोबरच मिलरमध्ये जातं.

टँकरच्या पाण्याबद्दलही सांगतो. पुण्यात बांधकामासाठी सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी टँकरनं येतं. पिण्याचं पाणी वाचतं हे चांगलंच आहे, पण मालात घालण्याआधी त्याचा तपासणी अहवाल मागा. पीएच सहाच्या खाली नको आणि आरसीसीसाठी क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको. क्लोराइडनं सळईला आतून गंज चढतो आणि तो वरून दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

पाणी मारायच्या वेळी हात आखडू नका

मालात पाइप सढळ हातानं सोडणारी साइट तिसऱ्या दिवशी स्लॅब कोरडा ठेवते, हे मला आजही समजत नाही. आपल्याकडे बहुतेक सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) असतं. ते सावकाश पकडतं आणि त्याला ओल जास्त दिवस लागते: किमान दहा दिवस, चौदा दिलेत तर उत्तम. स्लॅबवर बांध घालून वाफे करा आणि पाणी उभं ठेवा. कॉलमला गोणपाट गुंडाळा आणि ते सतत ओलं ठेवा. कॉलमकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. सकाळी एकदा पाइप फिरवला की उन्हात तो तासाभरात पांढरा पडतो.

एप्रिल-मेमध्ये पुण्याची हवा कोरडी असते आणि दुपारी वारा सुटतो. सकाळी ओतलेल्या स्लॅबवर संध्याकाळच्या आत केसासारख्या भेगा येतात. मग त्यावर सिमेंटचं पाणी फिरवून भेगा झाकतात. त्यानं भेग भरत नाही, नुसती दिसेनाशी होते. माल पूर्ण पकडण्याआधी भेगा दिसल्या तर तिथंच पुन्हा थापीनं दाबून घ्या आणि लगेच प्लास्टिक अंथरा. उन्हाळ्यात मी शक्यतो चार वाजल्यानंतर माल ओततो.

टेकू काढण्याची घाई हा याच चुकीचा धाकटा भाऊ. साध्या सिमेंटसाठी आयएस ४५६ चे आकडे असे आहेत: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्यापुढे चौदा, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा, त्यापुढे एकवीस. पीपीसीला यापेक्षा जास्त दिवस द्या. वरचा स्लॅब ओतायचा असेल तेव्हा खालच्या मजल्याचे टेकू जागेवरच हवेत. बाल्कनीचे टेकू मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे काढत या. उलटं केलं तर बाल्कनीला भेगा पडतात.

'दगड लागला' म्हणून खोदाई थांबवू नका

पुण्याच्या पोटात काळा पाषाण आहे, त्यामुळे इथं पाया म्हणजे चिंता नाही, असं मालकांना वाटतं. आपल्या बेसॉल्टची झीज कांद्यासारखी होते. पापुद्रे सुटत जातात, मधे गोल गोटे राहतात आणि त्यांच्या भोवती मऊ मुरूम. पोकलेनचा दात गोट्याला लागला की आवाज पाषाणाचाच येतो. फुटिंगचा (कॉलमखालच्या पायाचा) अर्धा भाग गोट्यावर आणि अर्धा मुरमावर बसला की इमारत एका अंगाला खचायला मोकळी. म्हणून प्रत्येक खड्ड्यात जॅकहॅमरनं निदान दीड मीटर खोल भोक पाडून बघा. जॅकहॅमरची सळई मधेच सर्रकन खाली गेली तर तो गोटा आहे.

बुजवलेल्या विहिरी आणि जुन्या खाणी हा दुसरा धोका. मोजणीचा जुना नकाशा काढा आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. एकदा खोदाईच्या आदल्या दिवशी शेजारच्या आजी कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "अहो, तिथं आमची मोट चालायची." त्यांच्यामुळे आमचे दोन कॉलम वाचले.

आता काळी माती. मांजरी-थेऊर पट्ट्यात ती भरपूर आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पडतात. त्या बाजूच्या एका बंगल्यात आमचं चुकलं होतं. फुटिंग आम्ही खाली मुरमापर्यंत नेली होती, त्यामुळे कॉलम जागचे हलले नाहीत. पण जोत्याखालची काळी माती पूर्ण काढली नाही. वर मुरमाची पातळ भर घालून फरशी बसवली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर बंगल्याच्या मालक काकांचा फोन आला, "हॉलमध्ये फरशी उचलली आहे, दार लागत नाही." जाऊन पाहिलं तर न्हाणीघराच्या बाहेरचा चेंबर गळत होता आणि ते पाणी थेट जोत्याखाली मुरत होतं. खोली उकलली, माती बाहेर काढली, दीड-दोनशे मिलिमीटरच्या थरांनी मुरूम घातला, प्रत्येक थराला पाणी देऊन धुम्मस केली आणि बंगल्याभोवती बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा टाकला. खर्च कंपनीनं सोसला. आधी केलं असतं तर त्याच्या पाव भागात झालं असतं.

पावसाळ्यात खोदलेल्या खड्ड्याबद्दल एवढंच: रात्री पाणी साठलं असेल तर सकाळी पंप लावून लगेच पीसीसी (पायाखालचं बिनसळईचं काँक्रीट) ओतू नका. तळाचा मुरूम चिखल झालेला असतो. तो थर खरवडून कोरडा, कडक तळ लागू द्या आणि त्याच दिवशी पीसीसी करा.

भिंतीमागचं पाणी अडवू नका

ही चूक मी सर्वात गंभीर मानतो, कारण इथं माणसं मरतात. २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर कोंढव्यात एका सोसायटीची भिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण गेले, त्यात मुलंही होती. त्यानंतर काही दिवसांतच, १ जुलैच्या रात्री आंबेगावात भिंत पडून आणखी सहा जण. त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा ओढ्याकाठच्या भिंती पुन्हा पडल्या.

तीन मीटर उंच भिंतीमागे कोरडी माती असेल तर भिंतीच्या एका मीटर लांबीवर साधारण पावणेतीन टनांचा रेटा येतो. तीच माती पाण्यानं गच्च भरली आणि पाण्याला बाहेर जायला वाट नसली, तर नुसत्या पाण्याचा रेटा साडेचार टन आणि मातीचा दीड, मिळून सहा टन. दुपटीहून जास्त. पुण्यात मुसळधार पावसाच्या एका रात्रीत हे होऊ शकतं.

संरक्षक भिंतीत म्हणून वीप होल (पाणी बाहेर जायची भोकं) हवेत. मीटर-दीड मीटर अंतरावर, ७५ ते १०० मिलिमीटरचे पाइप, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. मागे माती थेट टेकवू नका, फूटभर जाडीचा खडीचा थर घाला, नाहीतर दोन पावसाळ्यांत पाइप मातीनं भरतात. ती भोकं पुढेही उघडी राहिली पाहिजेत. सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या एका सोसायटीत आम्ही बांधलेल्या भिंतीतून पावसाळ्यात गढूळ पाणी नव्या पेव्हर ब्लॉकवर यायचं, म्हणून सभासदांनी वीप होल सिमेंटनं बुजवून भिंतीला रंग दिला. पुढच्या जूनमध्ये भिंत पोटात पुढे आलेली दिसली. ओळंबा लावला तर चार बोटं फरक. भोकं पुन्हा पाडली तेव्हा पाण्याची चिळकांडी दोन माणसांच्या अंगावर आली.

याहून वाईट म्हणजे कंपाउंड वॉलला संरक्षक भिंत समजणं. सहा इंची ब्लॉकची भिंत आपलीतुपली हद्द दाखवायला असते. उताराच्या प्लॉटवर वरच्या बाजूनं भराव घालून पार्किंग सपाट केलं जातं, आणि त्या भिंतीवर न सांगता माती, पाणी आणि गाड्यांचा भार पडतो. भराव घालायचा असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून भिंतीचं डिझाइन करून घ्या. शेजाऱ्याच्या भिंतीच्या पायाशी खोदताना मातीला आधार देऊन टप्प्याटप्प्यानंच खोदा. आणि भिंतीच्या उंचीच्या दुपटीइतक्या अंतरात मजुरांची एकही झोपडी उभी राहू देऊ नका. जागा कमी आहे हे कारण मी ऐकून घेत नाही. ती माणसं तिथं रात्री झोपतात.

गच्ची, रस्ता, टाकी

गच्ची गळते म्हणून जुन्या कोब्यावर नवा कोबा घालतात. चार इंच ब्रिक बॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) म्हणजे चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो, आणि वापराच्या गच्चीचा हिशेबातला चल भार (माणसं-सामानाचा) दीडशे किलोचा असतो. जुना थर काढूनच नवा घाला. उतार शंभरात एक ठेवा आणि पाइपाच्या तोंडाशी काम स्वतः उभं राहून करून घ्या, कारण गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

गल्लीतला सिमेंट रस्ता करताना जुना डांबरी थर न काढता वर काँक्रीट चढवलं की रस्ता घराच्या जोत्यापेक्षा वर जातो. मग पहिल्या पावसात पाणी पार्किंगमध्ये येतं. लेव्हल घरांच्या उंबऱ्यांवरून घ्या.

टाकीचं सांगून थांबतो. नव्या टाकीला आतून वॉटरप्रूफिंग आणि बाहेरून गिलावा करून मगच पाणी भरायची पद्धत पडली आहे. मग गळती कुठून होते तेच सापडत नाही. काँक्रीट उघडं असतानाच टाकी तोंडापर्यंत भरा. सात दिवस काँक्रीटला पाणी पिऊ द्या, नंतर आणखी सात दिवस बाहेरच्या बाजू रोज पाहा. ओल दिसेल तिथं खडूनं गोल करा आणि शेजारी तारीख लिहा. चौदाव्या दिवशी बाहेरून टाकी कोरडी असली, तरच गवंड्याला गिलाव्यासाठी बोलवा.