सुवार्ता सांगताना गळ टाकू नका: या चुका टाळा

येशूने आपल्या कोळी शिष्यांना ‘मी तुम्हाला माणसे धरणारे करीन’ असे म्हटले, म्हणजे लोकांना सुवार्ता (येशूचा शुभसंदेश) सांगणारे. पण ‘माणसे धरणारे’ म्हटले की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे गळ येतो: काठावर एकटा माणूस, टोकाला आमिष, खाली बेसावध मासा. इथेच गडबड होते. गालील समुद्र म्हणजे जेमतेम २१ किलोमीटर लांबीचे गोड्या पाण्याचे सरोवर. तिथे पेत्र, अंद्रिया, याकोब आणि योहान हे शिष्य जाळी घेऊन उतरत, तीही जोडीदारांसह. शुभवर्तमानांत (बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत) गळ एकदाच येतो (मत्तय १७:२७), आणि तो मंदिराच्या करापुरता.

आमिष दाखवणे

औषध, मुलाची फी, महिन्याचे रेशन ही मदत जरूर करा. पण त्याच भेटीत सभेचे निमंत्रण देऊ नका. मदत घेतलेल्याला ‘नाही’ म्हणणे जड जाते. तो भिडेखातर येतो, मदत थांबली की यायचा थांबतो, आणि वस्तीत आपल्या शब्दाला किंमत उरत नाही. शक्य असेल तर मदत एकाने पोचवावी, विश्वासाबद्दल दुसऱ्याने बोलावे. आजाऱ्याला बरे होण्याची हमी देऊ नका. ‘तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ एवढे विचारा आणि औषध बंद करायला कधीही सांगू नका. हाताखालचा कर्मचारी, विद्यार्थी, पेशंट यांच्याशी हा विषय आपण होऊन काढू नये. काही राज्यांत आमिषाने धर्मांतर करणे हा गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी ही चूकच.

वेळ न पाहणे

त्या काळची जवसाच्या (लिननच्या) धाग्याची जाळी दिवसा माशांना दिसत, म्हणून बरेचसे काम रात्री चाले. लूक ५ मध्ये कोळी सकाळी जाळी धूत बसलेले दिसतात ते त्यामुळेच. मयताच्या घरी, गणपतीला बोलावले असताना किंवा चार नातेवाइकांसमोर वाद काढला की समोरच्याला सगळे आधीच दिसते आणि तो अंग चोरतो. सांत्वनाला गेलात तर सांत्वनच करा.

जाळे न सांधणे

याकोब आणि योहान यांना बोलावणे आले तेव्हा ते तारवात जाळी नीट करत होते (मार्क १:१९). आपले जाळे म्हणजे आपली साक्ष, स्वतःच्या विश्वासाची गोष्ट. ती तीन मिनिटांत बसवा: आधी काय होते, ख्रिस्ताची ओळख कशी झाली, आता काय बदलले. ‘कोकऱ्याच्या रक्ताने धुतलो’, ‘अभिषेक उतरला’ असली मंडळीतली (चर्चमधली) भाषा काढून टाका. मग ती मंडळीबाहेरच्या मित्राला ऐकवा आणि काय कळले ते त्यालाच सांगायला लावा. जिथे तो अडखळेल तिथे भोक आहे.

एकट्याने ओढणे

सिंधुदुर्गातली रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, पाहिलेल्याला हे सांगावे लागणार नाही. दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धवर्तुळात जाळे सोडत जाते आणि दुसरे टोक थोड्या अंतरावर आणून देते. मग दोन्ही बाजूंचे लोक एका लयीत ओढतात. एका बाजूने घाई केली की जाळे तिरके येते, खालचा काठ वाळूवरून उचलतो आणि मासळी तिथूनच निघून जाते. मंडळीतही एखादा उत्साही भाऊ तिसऱ्याच भेटीत बाप्तिस्म्याची तारीख काढतो आणि बाकीच्यांना त्या माणसाचे नावही माहीत नसते! आधी दोन कुटुंबांशी जेवणाखाण्याची ओळख होऊ द्या, मग रविवारची उपासना. मार्काच्या शुभवर्तमानाचे १६ अध्याय आठवड्याला दोन या हिशेबाने आठ आठवड्यांत वाचून होतात. प्रत्येक वेळी विचारा: येशूने काय केले, लोक काय म्हणाले, तुम्हाला काय खटकले? शेवटचा प्रश्न गाळू नका. खरे बोलणे तिथूनच सुरू होते.

पाण्यातच निवड करणे

मत्तय १३ मधल्या दाखल्यात जाळ्यात सर्व प्रकारचे मासे येतात. निवड काठावर होते आणि तीही देवदूत करतात. ‘हे लोक आपल्यात बसणार नाहीत’ असे जात, भाषा किंवा पगार पाहून ठरवणारी मंडळी हे काम उगाच अंगावर घेते.

उपमा मात्र इथवरच. जाळ्यातल्या माशाला नकार देता येत नाही, माणसाला येतो. कोणी ‘नको’ म्हणाला तर विषय थांबवा, फोनवर वचने पाठवत राहू नका, येणेजाणे आणि अडीअडचणीची मदत पूर्वीसारखीच ठेवा. पुन्हा बोलायचे झाले तर सुरुवात त्याला करू द्या.