पहिल्या तीन मिनिटांत जीव टांगणीला कसा लावावा

आम्ही मित्रांनी केलेला पहिला लघुपट सांगलीच्या आयर्विन पुलावर सुरू व्हायचा. पहाटेचं धुकं, खाली कृष्णा, मफलरनं तोंड झाकलेला माणूस, हातात पिशवी आणि मागे धडधडणारं संगीत. पिशवीत काय आहे ते आम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही. ओळखीच्या वीसेक लोकांना दाखवला, तर तिसऱ्या मिनिटाला मागून आवाज आला, "चहा सांगू का?"

घोळ लपवण्यात होता. लपवलं की कुतूहल जागं होतं, पण ते फार वेळ टिकत नाही. धास्ती वाटायची तर प्रेक्षकाला आधी काहीतरी ठाऊक असावं लागतं. थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक यानं फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे. टेबलाभोवती माणसं गप्पा मारताहेत आणि खालचा बॉम्ब अचानक फुटतो, तर पंधरा सेकंदांचा धक्का. पण बॉम्ब ठेवलेला प्रेक्षकानं आधीच पाहिला असेल, तर त्याच रटाळ गप्पा तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो.

आधी आपल्या गावचा बॉम्ब शोधा

खरा बॉम्ब नको. आपल्याकडे तो खोटाच वाटतो. जवळपास असं काय आहे, की ज्याची भीती गावातल्या लोकांना आहे आणि नवख्याला नाही?

सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथली हळदीची पेवं म्हणजे जमिनीच्या पोटातली कोठारं: तोंड अरुंद, पोट मोठं. 2005 च्या महापुरात त्यातली बरीच निकामी झाली. बंद पेवात हवा कोंडते, प्राणवायू कमी होतो आणि जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. म्हणून पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. कंदील सोडून बघायचं. तो विझला तर माणसानं खाली जायचं नाही. वास नाही, आवाज नाही, दिसतही काही नाही. थरारपटाला याहून चांगला खलनायक कुठून आणणार?

मग ज्ञान वाटून द्या

कागदावर दोन रकाने करा. एकात प्रेक्षकाला काय माहीत आहे ते, दुसऱ्यात पात्राला काय माहीत आहे ते. पहिला रकाना दुसऱ्यापेक्षा एका ओळीनं मोठा हवा. एकच ओळ, पण ती नेमकी.

आमच्या नव्या पटकथेत ती अशी आली. म्हातारा हमाल पेवाचं तोंड उघडतो, दोरानं कंदील खाली सोडतो. ज्योत आधी पिवळी, मग बारीक, मग नाही. तो काही बोलत नाही. दोर वर ओढतो, तोंडावर फरशी अर्धवट सरकवतो आणि बिडी शिलगावत निघून जातो. संवाद शून्य. इथं "आत विषारी हवा आहे रे!" असं वाक्य घालायचा मोह होतो. घालू नका. समजावून सांगितलेलं लोक विसरतात, स्वतः ताडलेलं विसरत नाहीत.

थोड्या वेळानं विशीतला पोरगा येतो. कुणीतरी त्याला हाक मारून सांगतं, "आरं, कंदील घे!" तो हसतो. "कंदील कशाला? मोबाईल हाय की." बॅटरी लावतो आणि आत प्रकाश टाकतो. मोबाईलची बॅटरी काही हवेवर जळत नाही. ती लख्ख पेटलेली राहते, आणि तो उजेडच प्रेक्षकाच्या पोटात गोळा आणतो.

कामाला लागणारा वेळ पूर्ण द्या

कापायची घाई इथं नडते. दोर खांबाला बांधणं, गाठ ओढून बघणं, चपला काढणं, फोन शर्टाच्या खिशात उजेड वर करून ठेवणं हे सगळं दिसू द्या. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या 1958 सालच्या 'टच ऑफ इव्हिल' या चित्रपटात पहिल्याच क्षणी हात बॉम्बचं घड्याळ लावतात, बॉम्ब गाडीच्या डिकीत जातो आणि पुढं तीन मिनिटांहून जास्त वेळ कॅमेरा न तुटता त्या गाडीच्या आसपास फिरत राहतो. मध्ये माणसं रस्ता ओलांडतात, हसतात, गप्पा मारतात. आपण मात्र ती गाडीच शोधत राहतो. आमच्याकडे तेवढी क्रेन नाही. तिपाईवर ठेवलेला मोबाईल आणि चपला काढणारा पोरगा पुरतो.

धोका आहे हे कळू द्या, त्याचं तोंड दाखवू नका

1975 च्या 'जॉज' या चित्रपटाच्या सुरुवातीला शार्क दिसत नाही. पाण्यात खेचली जाणारी मुलगी दिसते. पेवाच्या आतला अंधारही असाच ठेवा. कॅमेरा वरच राहू दे. ताणलेला दोर, खालून येणारा उजेडाचा ठिपका, बस.

संगीताचं थोडक्यात सांगतो: काढून टाका. लांबच्या मोटारपंपाची घरघर, कावळे, खालून पोराची शीळ. मग शीळ थांबते. पंप चालूच राहतो.

एक कळकळीची विनंती: हे खऱ्या पेवात करू नका. जमिनीवर विटांचं गोल तोंड रचा, दोराचं दुसरं टोक बाजूला मित्राच्या हातात द्या आणि उजेडाचा ठिपका काळ्या कापडावर घ्या. पडद्यावर फरक कळत नाही.

चहाची परीक्षा

दोर सैल पडतो तिथं दृश्य तोडा, नाव पडद्यावर आणा आणि पटकथा न वाचलेल्या माणसाला दाखवा. दाखवून झाल्यावर तुम्ही गप्प बसा. "पोरगं वर आलं का?" असं त्यानं विचारलं तर जमलं. "तो म्हातारा कोण होता?" असं विचारलं तर विझणारी ज्योत कमी वेळ दिसली आहे, ते दृश्य चार सेकंदांनी लांबवा आणि दुसरा माणूस शोधा, कारण पहिल्याला आता सगळं माहीत आहे.