रने दोमाल वाचायचाय? मग डोंगरापासून सुरू करू नका

रने दोमाल या फ्रेंच लेखकाचं नाव बहुतेकांच्या कानावर येतं ते 'मों आनालॉग' या एका डोंगराच्या शोधाच्या, अर्धवट राहिलेल्या कादंबरीमुळं, नाहीतर तिच्यावरून सुचलेल्या होदोरोव्स्कीच्या 'द होली माउंटन' (१९७३) या पिक्चरमुळं, आणि मग लोक तेच पुस्तक मागवतात, छोटंसंच आहे म्हणून दोन बैठकीत संपवतात आणि म्हणतात, छान होतं, पण एवढं डोक्यावर घेण्यासारखं काय आहे त्यात. माझं ठाम मत आहे की मराठी वाचकानं, त्यातही आपल्या कोल्हापूरसारख्या नाटक-संगीताच्या गावातल्या वाचकानं, त्याच्याकडं उलट्या बाजूनं जावं. आधी त्याचे संस्कृत रसविचारावरचे लेख, मग त्याचं नियतकालिक, आणि डोंगर सगळ्यात शेवटी. कारण हा माणूस पॅरिसमध्ये बसून ज्याच्यासाठी जिवाचं रान करत होता त्यातलं बरंच काही आपल्या कपाटात आहे, फक्त आपण ते बीएच्या परीक्षेनंतर उघडलेलं नसतं.

आधी माणूस थोडक्यात. जन्म १९०८, फ्रान्सच्या आर्देन भागातलं बुल्झिकूर नावाचं गाव. रँसच्या शाळेत रोजे जिल्बेर-लकोंत आणि रोजे वायां हे दोस्त भेटले, पोरांनी स्वतःचा एक गट काढला, कविता, जादू, स्वप्नं, सगळ्याचे प्रयोग. सोळा-सतरा वर्षांचा असताना किडे मारायला वापरायचे ते कार्बन टेट्राक्लोराइड हुंगून मरणाच्या काठावर काय दिसतं हे बघायचा उद्योग त्यानं केला आणि पुढं आयुष्यभर त्या अनुभवाबद्दल लिहिलं. ते लिखाण जरूर वाचा, पण ते विष आहे, लिव्हर-किडनी घालवतं, त्यात रोमँटिक काही शोधू नका. त्याच वयात तो स्वतःचा स्वतः संस्कृत शिकायला लागला, आणि इतकं शिकला की व्याकरणाच्या वह्या स्वतः तयार केल्या. तत्त्वज्ञ सिमोन वेल ही त्याची शाळेपासूनची ओळखीची, तीसुद्धा पुढं त्याच्याच मदतीनं संस्कृत शिकली. १९४४ च्या मे महिन्यात क्षयानं गेला, वय फक्त ३६.

आता वाचायला कुठून घ्यायचं. त्याच्या भारतीय विषयांवरच्या लेखांचं 'रस' नावाचं इंग्रजी पुस्तक आहे, लुईझ लँडिस लेवीचं भाषांतर, १९८२ चं. नवीन कॉपी सहसा मिळत नाही, जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानांवर नजर ठेवा. हातात आलं की ते एकटं वाचू नका. शेजारी भरतमुनीचं नाट्यशास्त्र ठेवा, पहिला आणि सहावा अध्याय एवढंच पुरे. मराठीत गोदावरी केतकरांचं पुस्तक आहे, करवीर नगर वाचन मंदिरासारख्या १८५० पासूनच्या लायब्ररीत किंवा विद्यापीठाच्या लायब्ररीत चौकशी करा, नाही मिळालं तर संस्कृतच्या एखाद्या रिटायर्ड सरांकडं नक्की असतं, आणि ते आनंदानं देतात सुद्धा.

पहिला अध्याय का, तर नाटकाचा जन्म कसा झाला ती कथा दोमालनं स्वतः फ्रेंचमध्ये आणली होती. भरताच्या पोरांनी पहिला प्रयोग लावला, विघ्नं चालून आली, नटांची वाचा गेली, अंग आखडलं, इंद्रानं जर्जर नावाचा आपला ध्वजदंड उचलून त्या विघ्नांना झोडपलं आणि मग ब्रह्मदेवानं विश्वकर्म्याला सांगितलं की आधी नाट्यगृह बांध. ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते पण कोल्हापुरात बसून आज वाचली की वेगळीच लागते, कारण २०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आख्ख्या गावानं बघितलंय आणि रडलंय. नाटकाला घर लागतं, आणि ते घर राखावं लागतं, हे भरतानं पहिल्याच अध्यायात का घातलं असेल ते आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. दोमालला हेच भावलं होतं की इथं कला म्हणजे मन रमवायची वस्तू नाही, तिच्यामागं जबाबदारी आहे, शिस्त आहे, बघणाऱ्याची पण तयारी लागते.

सहाव्या अध्यायात विभाव (भाव जागवणारी कारणं), अनुभाव (तो भाव बाहेर दिसणं), व्यभिचारी भाव (येऊन-जाऊन असणारे भाव) यांच्या संयोगातून रस होतो हे सूत्र येतं. ते वाचून झालं की लगेच दोमालचा भारतीय काव्यकलेवरचा १९४१ चा लेख घ्या, ज्यात तो साहित्यदर्पण या संस्कृत ग्रंथातल्या 'वाक्यं रसात्मकं काव्यम्' (रस हाच ज्याचा आत्मा ते वाक्य म्हणजे काव्य) वर येतो. घाई करू नका. एक परिच्छेद त्याचा, मग मूळ श्लोक, मग परत त्याचा, असं. आपल्याला जे पाठांतरानं गुळगुळीत झालंय ते त्याला पहिल्यांदा सापडतंय आणि तो ते स्वतःच्या कवितेवर लावून बघतोय, हे असं वाचल्याशिवाय जाणवत नाही.

याच टप्प्यावर एक गोष्ट करा, उदयशंकरांच्या नृत्याचे जुने व्हिडिओ बघा. १९३२ च्या शेवटी उदयशंकरांची मंडळी अमेरिकेला गेली तेव्हा दोमाल त्यांचा प्रेसचं काम बघणारा म्हणून सोबत होता. त्या मंडळीत संगीताला विष्णुदास शिराळी होते, आणि ते कुणाचे शिष्य, तर विष्णु दिगंबर पलुस्करांचे, म्हणजे आपल्या कुरुंदवाडात जन्मलेल्या पलुस्करांचे! मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला की काय सांगू.

मग नियतकालिक. 'ले ग्रां जू', म्हणजे मोठा खेळ. १९२८ ते १९३० मध्ये फक्त तीन अंक निघाले, चौथा निघालाच नाही. चित्रांची बाजू जोझेफ शिमा हा चेक चित्रकार बघायचा. दुसरा अंक रँबो या फ्रेंच कवीवर. संपादक म्हणून दोमाल आणि जिल्बेर-लकोंत यांचा हट्ट असा की हे साहित्याचं नियतकालिक नाही, जगण्याचा प्रश्न आहे. सुररिअ‍ॅलिस्टांनी म्हणजे स्वप्नं आणि अबोध मन कलेत आणू बघणाऱ्या गटानं १९२९ च्या मार्चमध्ये या पोरांना बैठकीत बोलावून जवळजवळ खटलाच चालवला, निमित्त होतं वायांनी पॅरिसच्या पोलीसप्रमुखाचं कौतुक करत पेपरात लिहिलेला लेख. एवढं होऊनही त्या गटाचे पुढारी आंद्रे ब्रेतोंनी आपल्या दुसऱ्या जाहीरनाम्यात दोमालला आमच्यात या म्हणून हाक मारली, आणि बावीस वर्षांच्या दोमालनं तिसऱ्या अंकात जाहीर पत्र लिहून नकार दिला. सांभाळा, उद्या तुम्ही साहित्याच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात जाऊन बसाल, असा इशारा त्यात होता. ग्रुप करून वाचत असाल तर हे पत्र तुमच्यातल्या कुणीतरी मोठ्यानं वाचावं. ज्यांनी मराठी लघुअनियतकालिकांची भांडणं ऐकलीत, त्यांना या पत्रातला ताव लगेच ओळखू येईल.

इंग्रजीत 'रात्रभराचं गंभीर पिणं' अशा अर्थाच्या नावानं आलेली १९३८ ची त्याची गद्य रचना यानंतर घ्या, पण सलग नको, मधला भाग फार पसरट आहे, पहिला भाग आणि शेवट नीट वाचा. 'ल कोंत्र-सिएल' (१९३६) मधल्या कविता निवडक पुरेत, त्या तरुणपणच्या आहेत, स्वतः त्यालाच पुढं त्यांच्यातला काळोख नकोसा झाला होता. १९३० पासून तो अलेक्झांडर द साल्झमान या शिष्यामार्फत गुर्जिएफ या आध्यात्मिक गुरूच्या वाटेला लागला होता, त्याचा परिणाम इथून पुढं दिसत जातो.

आणि आता 'मों आनालॉग'. १९३९ ला सुरू केलेली, मरेपर्यंत लिहीत होता, छापून आली १९५२ ला. पृथ्वी आणि आकाश जोडणारा एक डोंगर असलाच पाहिजे, त्याचं शिखर पोचण्यापलीकडचं पण पायथा माणसाला गाठता येणारा, एवढ्या तर्कावर आठ जण 'अशक्य' नावाच्या बोटीतून निघतात. यात एक नियम आहे, एका मुक्कामावरून पुढं जायचं तर मागून येणाऱ्यांसाठी तो मुक्काम तयार करून ठेवायचा. पन्हाळा ते पावनखिंड पावसात चाललेल्यांना, वाटेवरच्या वाडीत कुणी चहा-भाकरी दिलेल्यांना, हा नियम पाठ आहे. म्हणून ट्रेकवाल्या मित्रांना या टप्प्यावर वाचनात घ्याच, ते पुस्तकाबाहेरचे प्रश्न विचारतात आणि तेच कामाचे असतात. पाचव्या प्रकरणात एका वाटाड्यानं एक म्हातारा उंदीर मारल्यामुळं पुढं दरड कशी कोसळते ती साखळी येते, ती दोनदा वाचा, त्याच जागी वाक्य मधेच तुटतं आणि पुस्तक थांबतं. शेवट काय असेल याच्या चर्चेत वेळ घालवू नका, त्याआधीची नियमांची पानं परत काढा.

ज्यांना फ्रेंच येतं त्यांना एक विनंती. लेखकाला जाऊन ऐंशी वर्षं झाली, आपल्याकडच्या कायद्यानं कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांचा, आणि मरणोत्तर छापलेल्या पुस्तकाचे साठ छापल्यापासून मोजतात, म्हणजे तेही संपले, त्यामुळं मूळ फ्रेंचवरून मराठीत आणायला वाट मोकळी आहे. इंग्रजी भाषांतरावरून मात्र करू नका, ती भाषांतरं वेगळ्या लोकांच्या मालकीची आहेत. सुरुवात कादंबरीनं नको, १९४० ची 'ला गेर सँत' ही स्वतःशीच लढायच्या लढाईवरची दीर्घ कविता घ्या, काही पानांचीच आहे आणि बोलायच्या भाषेत आहे, आणि जेवढं होईल तेवढं दर रविवारी ग्रुपमध्ये मोठ्यानं वाचून दाखवा, कान जिथं अडेल तिथं दुरुस्त करा.