डिकीचे शॉकर उतरलेत? मग या चुका टाळा

गेल्या डिसेंबरात महाबळेश्वरला सकाळी सातच्या सुमारास आई डिकीत वाकून चहाचा थर्मास काढत होती, तेव्हा आमच्या जुन्या इनोव्हाचा मागचा दरवाजा तिच्या खांद्यावर आला. धाडकन नाही, सावकाश उतरला, पण सगळ्या वजनानिशी. चार दिवस तिला हात वर नेता येईना. आदल्या दुपारी वाईला तोच दरवाजा नीट उभा राहिला होता, म्हणून मी निर्धास्त होतो.

डिकीचा दरवाजा वर धरून ठेवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या गॅसच्या नळ्या म्हणजे शॉकर, आणि ते थकले होते. पहिली चूक हीच, दुपारच्या उन्हात शॉकर तपासायचे. या शॉकरच्या नळीत नायट्रोजन दाबून भरलेला असतो आणि थंडीत त्याचा दाब उतरतो. ३० अंशांवरून १० अंशांवर आलं की जोर साधारण ६ ते ७ टक्क्यांनी घटतो. धडधाकट शॉकरला तेवढ्याने काही होत नाही, काठावर आलेला मात्र हात टेकतो. म्हणून गार सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी बघा. दरवाजा पूर्ण उघडा, हलकासा खाली दाबा आणि सोडा. परत वर गेला नाही, जागीच रेंगाळला किंवा खाली येऊ लागला, तर शॉकरचे दिवस भरले.

दुसरी चूक म्हणजे काठी. झाडूचा दांडा डिकीत ठेवून दोन-दोन वर्षं काढणारी घरं मी पाहिली आहेत. सामान ओढताना पिशवीचा बंद काठीत अडकतो, नाहीतर पोराचा धक्का लागतो, आणि खाली कोणाचं तरी डोकं असतं. काठी लावायची ती फक्त शॉकर बदलताना. तेव्हा मात्र लावायचीच, आणि शिवाय दरवाजा धरायला दुसरा माणूस हवा, कारण एक शॉकर निघाला की उरलेल्या थकलेल्या शॉकरला ते वजन पेलत नाही.

नळीतून आत-बाहेर होणाऱ्या चकचकीत दांडीवर ग्रीस किंवा स्प्रे मारू नका. त्यावर धूळ बसते, दरवाजा बंद करताना ती नळीच्या तोंडाशी असलेल्या सीलवर घासते आणि सील कापलं जातं. कोरड्या मऊ फडक्याने पुसलं की पुरे. पुसताना दांडी जवळून बघा. सीलच्या तोंडाशी तेलाची ओली, काळपट कड दिसली, तर गळती सुरू झाली आहे. डेंटिंग-पेंटिंगला गाडी देताना या दांड्यांना कागद गुंडाळायला आवर्जून सांगा. रंगाचे बारीक शिंतोडे दांडीवर वाळले की सीलचं काम ते कानशीसारखं तमाम करतात. पक्कडीने दांडी धरणं तर नकोच, एक ओरखडाही पुरतो. कुरकुर येत असेल तर शॉकरच्या टोकाच्या वाटीत, जिथे गाडीवरच्या खुंटीचं गोल डोकं म्हणजे गोळी बसते तिथे, चिमूटभर ग्रीस लावा.

‘गॅस भरून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. कारखान्यातून आलेली ही नळी कायमची बंद असते. ती भोक पाडून भरायची म्हणजे भरवसा संपला.

आता नवे घेताना. एकच बदलला तर दरवाजा एका बाजूला पिळतो आणि कुलूप नीट बसत नाही, म्हणून जोडीच घ्या. जुन्या शॉकरच्या नळीवर आकडा छापलेला असतो, त्यापुढे इंग्रजी एन. तो न्यूटनमधला जोर. ५०० म्हणजे सुमारे ५१ किलोचा रेटा. जास्त जोराचा घेतला तर जास्त टिकेल, हा समज चुकीचा आहे. दरवाजा बंद करायला दोन्ही हातांनी ओढावं लागतं आणि बिजागऱ्यांवर ताण येतो. आकडा पुसला गेला असेल तर गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून मूळ पार्ट नंबरच मागा, कारण पहिली इनोव्हा २००५ची आणि नंतरची इनोव्हा क्रिस्टा २०१६ची, नाव एक असलं तरी भाग एकच असेल असं धरू नका. लांबीसुद्धा एका गोळीच्या मध्यापासून दुसऱ्या गोळीच्या मध्यापर्यंत मोजा. लांब शॉकर दरवाजा बंद होताना मध्येच टेकतो आणि पत्रा वाकवतो.

काढताना टोकाची तारेची क्लिप बारीक स्क्रूड्रायव्हरने थोडी उचला, पूर्ण उपटू नका. ती उडून गटारात गेली की शोधत बसावं लागतं. मग वाटी सरळ बाहेर ओढा. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. सहसा डिकी बंद असताना दांडी खालच्या बाजूला असते, म्हणजे आतलं थोडंसं तेल सीलपाशी राहतं आणि ते कोरडं पडत नाही. नवा बसवताना ‘टक्’ आवाज यायला हवा, आणि आल्यावर हाताने ओढूनही बघा.

नवे बसवूनही दरवाजा उतरतोय? मागाहून लावलेला स्पॉयलर (दरवाज्यावरची पंखासारखी पट्टी) किंवा दरवाज्यावर चढवलेलं जड सामान बघा. बंदच होत नसेल, तर लांबी किंवा जोर चुकलाय. कोकणातल्या गाड्यांत बिजागरी गंजून जड होते, तेव्हा दोष शॉकरचा नसतो. शॉकर सुटा असताना दरवाजा हाताने वर-खाली करून बघा, अडखळतो का ते लगेच कळतं.

जुने शॉकर आगीत टाकू नका, कापू नका, आत दाब असतो. भंगारवाल्याला देताना हे तोंडाने सांगा.

आमच्या गाडीला नवी जोडी बसली, तेव्हा आईने स्वतः डिकी उघडून पाहिली. पण थर्मास काढताना एक हात अजून वर धरते ती.