ऑफिसच्या फोनवरून परदेशी कॉल लागत नाही?

मोबाइलवरून लंडनचा नंबर लागतो, टेबलावरच्या फोनवरून मात्र नाही. अशा वेळी लगेच लाइनला दोष देऊ नका, आधी डायल काय केलंत ते बघा. व्हिजिटिंग कार्डावर +४४ (०)२० असं छापलेलं असतं. कंसातलं ते शून्य फक्त ब्रिटनमधूनच फोन लावणाऱ्यांसाठी. आपण ते गाळायचं. + च्या जागी भारतातून ००. शिवाय बाहेरची लाइन घ्यायला तुमच्या ईपीएबीएक्सला (ऑफिसातले सगळे फोन जोडणाऱ्या यंत्राला) ० किंवा ९ लागत असेल, तर तोही आधी. म्हणजे ० ०० ४४ २० आणि पुढचा नंबर. सलग तीन शून्यं बघून माणूस हमखास एक खातो! (इटलीच्या लँडलाइनचं सुरुवातीचं शून्य मात्र ठेवायचं, तिथला कारभार वेगळा.)

नंबर बरोबर असूनही लगेच एंगेज टोन आला, तर बहुधा तुमच्या एक्स्टेंशनला आयएसडी, म्हणजे परदेशी कॉलची सोय, बंद असतं. साहेबांच्या फोनवरून लावून बघा. तिथून लागला, तर ईपीएबीएक्स सांभाळणाऱ्याला परवानगी द्यायला सांगा. तिथूनही नाही लागला, तर साधा फोन थेट लाइनला जोडून, बाहेरच्या लाइनचा आकडा न लावता, ०० पासून डायल करा. तरीही तेच? मग फोन कंपनीकडून लाइनवर आयएसडी सुरू करून घ्या.